साडूची भिंत

"हात फिरवा, साडूभाऊ. एकदा हात फिरवून तं पाहा," असं खुशालराव तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा डोमाजींचा नाइलाज झाला. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत नेला. मधे एक कण हाताला लागला असेल तर शपथ. ना उंचवटा, ना खळगा. हात आपला घसरत घसरत खिडकीशी जाऊन थांबला. पंधरा-वीस नातेवाइकांच्या देखत, अमरावतीत, भर एप्रिलच्या दुपारी डोमाजींना कबूल करावं लागलं की भिंत झकास झाली आहे. हे बोलताना त्यांचा घसा कोरडा पडला. खुशालरावांना वाटलं उन्हामुळे पडला, म्हणून त्यांनी आतून आणखी मठ्ठा मागवला.

साडू हे नातंच मोठं विचित्र आहे बघा. भावाशी माणूस जमिनीवरून भांडतो, शेजाऱ्याशी नालीवरून भांडतो. साडूशी भांडायला काही कारणच नसतं, त्यामुळे ते भांडण कधी मिटतही नाही. खुशालराव अमरावतीत बँकेत मॅनेजर होऊन रिटायर झाले, डोमाजी अकोल्यात पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होऊन. खुशालरावांची बायको जमुना थोरली, डोमाजींची दीपमाला धाकटी. गेल्या चौतीस वर्षांत डोमाजींनी जे जे घेतलं ते ते खुशालरावांनी एक वर्ष आधी घेऊन ठेवलेलं असायचं. डोमाजींनी मोठ्या हौसेनं कूलर आणला, तर त्याच आठवड्यात अमरावतीहून फोन आला की एसीत झोपल्यामुळे जमुनाचं अंग दुखून राहिलं. डोमाजींचा ललित इंजिनिअर होऊन पुण्याला लागला, तोवर खुशालरावांचा मुलगा तिथून कंटाळून बंगलोरला गेला होता. खुशालराव हे मुद्दाम करायचे असं नाही. मुद्दाम करत असते तर डोमाजींना निदान रागावता तरी आलं असतं.

पण त्या दिवशी नुसता भिंतीचा प्रश्न नव्हता. प्रश्न सासूचा होता.

सुंदराबाई, म्हणजे दोघांची सासू, दर्यापूरजवळच्या खेड्यात एकटी राहायची. वय अठ्ठ्याहत्तर. हिवाळ्यात अंगणात पाय घसरला आणि मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण आता एकटं राहायचं नाही, असं दोघी लेकींनी बजावलं. दोघेही जावई "आमच्याकडे चला" म्हणाले. एरवी सासू घरी आणायची म्हटली की जावई लोकांना एकाएकी पाठदुखी सुरू होते. इथं मात्र दोघंही हट्टाला पेटले. तेव्हा त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर सुंदराबाईंनी पदराला हात पुसले आणि निकाल सांगितला.

"पह्यले एक महिना जमुनाकडे. मंग एक महिना दीपमालाकडे. जिथं करमन, तिथं राहीन."

डोमाजींना सासूबाई आपल्याकडे हव्या होत्या, आणि त्याला नुसती चुरस हे कारण नव्हतं. लग्न ठरत होतं तेव्हा डोमाजींची नोकरी कच्ची होती. सगळे पाहुणे नको म्हणत असताना ही बाई म्हणाली होती की पोरगा खोटं बोलत नाही, देऊन टाका. ते डोमाजी विसरले नव्हते. शिवाय दीपमाला. परतीच्या बसमध्ये ती एवढंच म्हणाली की माय जिथं खुश राहील तिथं राहो, आपलं काही म्हणणं नाही. मग तिनं तोंड खिडकीकडे केलं ते मूर्तिजापूर येईपर्यंत वळवलं नाही. चौतीस वर्षांच्या संसारात त्या खिडकीकडे बघण्याचा अर्थ डोमाजींना पक्का कळलेला होता. बस स्टँडवर थांबली. डोमाजींनी दोन चहा घेतले आणि जाहीर केलं की आपल्याही भिंती करून टाकायच्या. अमरावतीपेक्षा सरस.

आता डोमाजींचं घर. चौऱ्याण्णव साली कर्ज काढून बांधलेलं, चार खोल्या, पुढे ओटा. जागा काळ्या मातीची. काळी माती कपाशीला चांगली, घराला नाही. उन्हाळ्यात ती फाटते, पावसाळ्यात फुगते आणि वर उभं असलेलं घर निमूटपणे तिच्या तालावर हलतं. समोरच्या खोलीत छतापासून खालपर्यंत एक वाकडीतिकडी भेग होती. ललित लहान असताना त्यानं तिचं नाव मोर्णा ठेवलं होतं. अकोल्याच्या खऱ्या मोर्णेला पावसाळ्यात पाणी येतं आणि उन्हाळ्यात ती आटते. घरातली मोर्णा उन्हाळ्यात रुंद व्हायची आणि पावसाळ्यात आकसायची. तिच्यावर एका पतसंस्थेचं जुनं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्या वर्षाशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं, पण तेवढं लांब कॅलेंडर नंतर कुणी छापलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी मनोज मिस्त्री आला. त्यानं कॅलेंडर बाजूला केलं आणि हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकायला सुरुवात केली. टक आवाज आला की प्लास्टर विटेला धरून आहे, ढप आला की सुटलेलं आहे, असं त्यानं समजावलं. मग खोलीभर ढप, ढप, ढप असा आवाज ऐकू येऊ लागला. डोमाजी मागे मागे फिरत, एखादा टक आला की "हे बघा, हे पक्कं आहे" म्हणत त्या जागेवर बोट ठेवत होते. अशा जागा चार निघाल्या. तरी डोमाजींचं म्हणणं पडलं की फक्त भेगेपुरतं करा. मनोजनं भेगेत छिन्नी घातली, एकच घाव घातला आणि दाराएवढं प्लास्टर कॅलेंडरसकट खाली बसलं.

धूळ बसायच्या आत शेजारचे किसनराव आत आले. किसनराव म्हणजे भाजीबाजारातले जुने अडते. तीस वर्षं लोकांचं वांगं-टमाटर पारखण्यात गेल्यामुळे कुठलीही वस्तू पाहिली की तिच्यात काय किडकं आहे ते सांगायची त्यांना सवय. त्यांनी पडलेल्या ढिगाकडे बघितलं, विटांकडे बघितलं आणि निदान केलं की मुळात बांधकामच खराब आहे. भेग भरूच नये, पावसाळ्यात ती आपोआप मिटते, असं त्यांचं मत पडलं. पलीकडच्या केशरबाईंनी कुंपणावरूनच सुचवलं की चुन्यात गूळ आणि उडदाची डाळ भिजवून घाला, त्यांच्या माहेरची भिंत त्यानं अजून उभी आहे. रस्त्यानं जाणारा एक पूर्ण अनोळखी माणूस सायकल थांबवून आत आला, "जाळी मारा" म्हणाला आणि निघून गेला. गंमत म्हणजे तेवढा एकच सल्ला मनोजला पटला.

भेगेवर तारेची जाळी ठोकून खोलीभर नवं प्लास्टर सुरू झालं. तिथंच डोमाजींच्या हातून पहिली चूक झाली. मनोज थापी फिरवत असताना ते म्हणाले, "अमरावतीले आमच्या साडूच्या भिंतीवर हात कसा घसरते माहीत हाय का?" मनोजनं थापी घमेल्यात ठेवली. तो शांतपणे म्हणाला, "मंग अमरावतीचाच मिस्त्री आना ना भाऊ." आणि घरी गेला. त्याची समजूत काढायला डोमाजींना दोन दिवस आणि दीपमालाला एक पुरणपोळी खर्ची घालावी लागली. मत्सराची लागण अशी मिस्त्रीपर्यंत पोचते, हे डोमाजींना आधी ठाऊक नव्हतं.

प्लास्टर झालं. मग डोमाजींनी खुशालरावांना फोन केला, अर्थात निव्वळ मामींची, म्हणजे सासूबाईंची, तब्येत विचारायला. मामी मजेत होत्या. काल त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, असं खुशालरावांनी सांगितलं. अकोल्याला आल्या की त्या दीड भाकरीवर थांबतात हे डोमाजींना आठवलं आणि ती अर्धी भाकर त्यांच्या मनात दिवसभर बोचत राहिली. मग बोलता बोलता, सहज, त्यांनी भिंतीचा विषय काढला. खुशालराव खुलले. सगळी करामत पाण्यात आहे, असं त्यांनी सांगितलं. प्लास्टर झाल्यावर दहा दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ भिंतीवर पाणी मारायचं. पाणी चुकलं की भिंत गेली.

फोन ठेवल्यावर डोमाजींनी ठरवलं की साडूनं तीनदा मारलं ना, आपण पाचदा मारू.

आता अमरावतीचं पाणी आणि अकोल्याचं पाणी यात फरक आहे. डोमाजींच्या भागात नळ चार-पाच दिवसांआड येतो. आला की अख्खी गल्ली भांडी घेऊन उभी. अशा वेळी डोमाजींनी नळाला पाईप लावून तासभर भिंत भिजवली. ओट्यावरून ओघळ रस्त्यावर गेला, रस्त्यावरून किसनरावांच्या दारात गेला. किसनराव ओघळाकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याचा माणूस दारात हजर. पिण्याचं पाणी बांधकामाला वापरल्याची तक्रार होती. कुणी केली ते त्यानं सांगितलं नाही, पण बोलताना तो किसनरावांच्या घराकडेच बघत होता.

डोमाजी तडक पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेले. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज परत पाठवले होते. आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायची पाळी आली. तिथल्या बाबूनं विचारलं की बांधकाम परवानगी कुठे आहे. डोमाजी म्हणाले, बांधकाम नाही, दुरुस्ती आहे. मग दुरुस्तीची परवानगी आणा. ती कुठे मिळते? वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर सांगितलं की भिंतीच्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही. तसं लिहून द्या, असं डोमाजी म्हणाले. लागत नाही त्या गोष्टीचं लिहून द्यायची पद्धत नाही, असं उत्तर आलं. हे उत्तर डोमाजींनी स्वतः नोकरीत असताना कितीतरी लोकांना दिलं होतं, तेव्हा ते त्यांना अतिशय मुद्देसूद वाटायचं. शेवटी खाली बाबूनं दया येऊन सांगितलं की काका, कशाला डोकं लावता, घरी बोअर असेल तर तेच पाणी मारा.

बोअर होती. परसात, पेरूच्या झाडाखाली. पण ती बोअर म्हणजे नावाला. अकोल्यापासून दर्यापूरपर्यंतचा हा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहा केला तर दूध फाटतं. दीपमाला ते फक्त संडास धुवायला वापरायची. डोमाजींनी पाईप बोअरला जोडला तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "अवो, ते खारं हाय." डोमाजींनी उत्तर दिलं की भिंत काही चहा करून पीत नाही. मनोज असता तर त्यानं हात धरला असता, पण तो मामेभावाच्या लग्नाला पातूरला गेला होता. एवढी वर्षं पाटबंधाऱ्यात काढलेल्या माणसाला पाणी कळू नये, असं तुम्ही म्हणाल. पण डोमाजींनी आयुष्यभर पाणी फायलीत बघितलं, आणि फायलीतल्या पाण्याला चव नसते.

दहा दिवस, दिवसातून पाचदा, डोमाजी पाईप घेऊन उभे. भर मेच्या उन्हात भिंत पाणी पीत होती आणि उन्हानं लगेच सुकत होती. किसनराव कुंपणाशी उभे राहून बघायचे. आता तक्रारीला जागा नव्हती, त्यामुळे त्यांचा चेहरा उतरलेला होता. डोमाजींना ते दिवस फार समाधानाचे गेले.

मग पुट्टी, मग रंग. रंगाच्या दुकानात डोमाजींनी आधी एकच चौकशी केली. खुशालरावांनी कुठला रंग घेतला ते त्यांनी जमुनाकडून काढून घेतलं होतं. कार्डावर त्या रंगाचा नंबर सदतीस होता. डोमाजींनी अडतीस घेतला. साडूपेक्षा एक नंबर पुढे. दुकानदारानं एकदा दाखवून घ्या म्हटलं, पण डोमाजींचं ठरलेलं होतं. सदतीस नंबर हा फिकट बदामी होता. अडतीस नंबरपासून कार्डावर गुलाबी रंगांची ओळ सुरू होते, हे घरी डबा उघडल्यावर कळलं. दीपमालानं भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली की मायच्या लहानपणी गावच्या जत्रेत अशी मिठाई मिळायची. त्यात तिला काय म्हणायचं होतं ते डोमाजींनी विचारलं नाही.

पण हात घसरत होता. खरंच घसरत होता. डोमाजी एकटे असले की दारापासून खिडकीपर्यंत तळवा फिरवून बघायचे. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर त्यांनी पुसून पुन्हा जागेवर लावली, खालच्या टेबलावर दीपमालानं नवा पांढरा कपडा अंथरला, आणि महिना भरला त्या सकाळी डोमाजी गाडी करून अमरावतीला गेले. खुशालराव दारापर्यंत सोडायला आले. सासूबाईंची पिशवी गाडीत ठेवताना त्यांनी हसत हसत सांगितलं की मामीची खोली तशीच ठेवतो, महिन्यानं परत येणारच आहेत. डोमाजींनी दार जरा जोरातच लावून घेतलं.

सुंदराबाई अकोल्याच्या घरात आल्या, त्यांनी चारी भिंती बघितल्या आणि "हं" म्हणाल्या. त्या "हं"मध्ये नेमकं काय होतं यावर डोमाजींनी दोन दिवस विचार केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठले तर भिंतीला मिशा फुटल्या होत्या. पांढऱ्या, बारीक, कापसाच्या तंतूंसारख्या. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत त्या गुलाबी रंग फोडून बाहेर आल्या होत्या. डोमाजींनी हात लावला तर पिठासारखी भुकटी हाताला आली. त्यांनी घाईघाईनं केरसुणी आणली आणि सासूबाई उठायच्या आत सगळं झाडून टाकलं. चौथ्या दिवशी ती मिशी कमरेपर्यंत आली. पाचव्या दिवशी पुट्टीचे पापुद्रे सुटू लागले. डोमाजींनी सोफा सरकवला, कपाट सरकवलं, ललितचं जुनं अभ्यासाचं टेबल माळ्यावरून उतरवून उभं केलं. आठव्या दिवशी घरातलं सगळं सामान भिंतींना चिकटलं होतं आणि मधे मैदान पडलं होतं. किसनराव आले, त्यांनी उभ्या उभ्या पाहणी केली आणि त्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं. ते पोहे खाऊन गेले.

सुंदराबाई हे सगळं बघत होत्या. त्या दिवशी दुपारी त्या उठल्या, कपाटामागे हात घातला, नखानं भिंत खरडली आणि ते नख जिभेवर टेकवलं.

आता इथं एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. ही बाई तरुणपणी रेजा होती. दर्यापुरात, मूर्तिजापुरात, जिथं जिथं घर बांधलं जायचं तिथं डोक्यावर घमेलं घेऊन वीस-बावीस वर्षं परांचीवर चढलेली. नवरा लवकर गेला. दोन्ही लेकी तिनं त्या घमेल्यावर शिकवल्या. मिस्त्री बदलले, मालक बदलले, ही मात्र गिलावा कालवत राहिली. डोमाजींना हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

"बोअरचं पानी मारलं," सुंदराबाई म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

डोमाजी खोटं बोलू शकत नव्हते. तेवढ्या एका गुणावर तर त्यांना बायको मिळाली होती. त्यांनी मान खाली घालून हो म्हटलं. सासूबाई रागावतील असं त्यांना वाटलं. पण त्यांनी एवढंच बजावलं की आता भिंतीला पाण्याचा थेंब लावू नका, सामान ओढून घ्या, वारा लागू द्या. जेवढं मीठ बाहेर येतंय तेवढं येऊ द्या. सगळं निघालं की मग खरडायचं आणि गोडं पाणी वापरून पुन्हा करायचं. त्यात महिना जाईल.

महिना म्हणजे तोवर सासूबाई जाणार. डोमाजींनी मनातल्या मनात सामना सोडून दिला. समोरच्या खोलीत बायका यायच्या, केशरबाई यायच्या, सुंदराबाईंभोवती बसून दुपारभर गप्पा चालायच्या. डोमाजी मात्र ओट्यावर बसून रस्ता बघायचे. आत गेलं की भिंत दिसायची आणि भिंत दिसली की अमरावती दिसायची. दीपमालानं एके दिवशी चहा देताना हळूच विचारलं की माय काही बोलली का तुमच्यापाशी. ते नाही म्हणाले. तिनं रिकामा ट्रे पोटाशी धरला आणि आत गेली. डोमाजींना आयुष्यात एवढं ओशाळल्यासारखं कधी झालं नव्हतं.

ठरल्या रविवारी खुशालराव आणि जमुना गाडी घेऊन आले. जयभीम झालं, पाणी झालं. खुशालराव उठले आणि, व्हायचं तेच झालं, त्यांनी भिंतीवर हात फिरवला. दोन वीत हात गेला आणि भुकटीचा एक लोंढा त्यांच्या पँटवर पडला. डोमाजींनी डोळे मिटून घेतले. आता हसतील, असं त्यांना वाटलं. पण खुशालराव हसले नाहीत. त्यांनी पँट झटकली आणि डोमाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की होतं असं, साडूभाऊ, मनाला लावून घेऊ नका. हसले असते तर परवडलं असतं. साडूची दया ही गोष्ट डोमाजींच्या सहनशक्तीच्या पार पलीकडची होती.

मग खुशालराव सासूबाईंकडे वळले आणि पिशवी भरली का विचारलं.

"मी इथंच राह्यतो," सुंदराबाई म्हणाल्या.

दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातात पीठ तसंच राहिलं. खुशालराव आधी हसले, मग त्यांचं हसू थांबलं. "काहून मामी? आमच्याइथं काय कमी होतं?"

"कमी काईच नोतं, खुशालराव. सारं होतं. पन तुमी मले भिंतीले टेकू नाई दिलं."

मग ते सगळं बाहेर आलं. सुंदराबाईंच्या डोक्याला तेल असतं. पहिल्याच दिवशी त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि बदामी रंगावर तेलाचा गोल डाग पडला. खुशालरावांनी काही म्हटलं नाही. त्यांनी फक्त सासूबाईंच्या पाठीमागे पेपर लावला. पेपर सरकायचा, खुशालराव येऊन नीट करायचे. मग त्यांनी प्लास्टिकचं एक स्टूल आणून खोलीच्या मधोमध ठेवलं. सुंदराबाई महिनाभर त्या स्टुलावर ताठ बसल्या. "आफिसात साह्यबाले भेटाले आल्यावानी वाटे," त्या म्हणाल्या. "मोप घरं बांधली म्या, पन टेकाले नाई मिळालं कधी. आता तरी पाठ टेकतो."

खुशालराव खाली बसले. एवढा बँकेचा मॅनेजर, पण त्यांना पँटच्या घडीशी चाळा करण्यावाचून काही सुचेना. डाग पडू नये एवढंच मनात होतं, दुसरं काही नव्हतं, असं ते हळू आवाजात म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. जमुना भिंतीकडे बघत राहिली.

चौतीस वर्षं डोमाजी या क्षणाची वाट बघत होते. साडूचं तोंड एवढंसं झालेलं, स्वतःच्या डोळ्यांनी, आपल्या घरात. पण आनंद काही नीट होईना. कारण आतल्या कपाटात, चादरींच्या खाली, तीन मीटर पारदर्शक प्लास्टिक घडी करून ठेवलेलं होतं. सासूबाईंच्या खाटेमागच्या भिंतीला लावायला म्हणून डोमाजींनी ते रंगाच्याच दिवशी आणलं होतं. लावायचं राहून गेलं ते एवढ्यासाठी की खाऱ्या प्लास्टरमध्ये खिळा ठरेना. भिंत साडूसारखी झाली असती, तर मामी आज साडूच्याच गाडीत बसल्या असत्या. हे त्यांना लख्ख कळलं आणि ते खुशालरावांच्या शेजारी जाऊन बसले.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "भिंत तुमचीच चांगली हाय." आयुष्यातलं सगळ्यांत अवघड वाक्य त्यांनी बोलून टाकलं. प्लास्टिकचंही सांगून टाकलं. खुशालरावांनी त्यांच्याकडे बघितलं, नाक पुसलं आणि विचारलं की तुम्ही किती मीटर आणलं होतं, कारण त्यांनी पाच आणलं होतं.

सुंदराबाईंना ही दिलजमाई पुरे झाली असावी. त्यांनी कोपऱ्यातले खरडायचे दोन पत्रे उचलले आणि दोघांच्या हातात दिले. मीठ निघायचं ते निघालं, आता आलेच आहात तर खरडायला लागा, असं त्यांनी फर्मावलं. खुशालराव उठले. पँट वर दुमडली, शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर कामाला लागले. एका कोपऱ्यातून त्यांनी सुरुवात केली ती सरळ ओळीत, खालून वर, वरून खाली. पापुद्रा निघत होता, पण खालच्या प्लास्टरला ओरखडा नाही. डोमाजींच्या बाजूला मात्र भिंतीला खड्डे पडत होते. सुंदराबाई थोडा वेळ उभ्या राहून बघत होत्या.

"खुशालरावचा हात साफ हाय," त्या म्हणाल्या. "असा पायजे."

मघाशी जे काही विरघळलं होतं ते डोमाजींच्या मनात जागच्या जागी पुन्हा घट्ट झालं. त्यांनी शर्ट काढला, पत्रा फरशीवर घासून धार केली आणि साडूच्या अगदी शेजारची भिंत धरली. दीपमालानं जेवायला हाक मारली. खुशालराव उठत नाहीत तोवर डोमाजी उठणार नव्हते, आणि डोमाजी उठत नाहीत तोवर खुशालराव. दोन वाजले, अडीच वाजले, दोघंही पांढरेफटक झाले, पण पत्रा कुणी खाली ठेवीना. तिसऱ्या हाकेनंतर दीपमालानं नाद सोडला आणि तिघी मायलेकी आतल्या खोलीत ताटं घेऊन बसल्या, तिघीही भिंतीला टेकून.